आजारी जनावराला सुरी

त्या वर्षी गवत वेळेआधी संपलं. गवत संपलं की टोणगेवाल्याच्या घरात भांडणाला काहीही पुरायचं. बादली कुणी उलटी ठेवली, दाव्याची गाठ कुणी सैल मारली, चहा गार का झाला. खरं बोलायचं असायचं चाऱ्याबद्दल, पण चाऱ्याबद्दल बोलून चारा येत नाही हे नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं.

गावात सगळे त्याला टोणगेवालाच म्हणत. दूधवाल्यांना नर रेडकू म्हणजे फुकट खाणारं तोंड. ती रेडकं हा लहानपणीच उचलून आणायचा, पोसायचा, आणि अंग धरलं की खाटकाला द्यायचा. लोक चेष्टा करायचे, म्हैस पाळली तर दूध तरी देते, टोणगा काय देतो? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. म्हैस रोज थोडं थोडं देते, टोणगा एकदाच देतो पण सगळा देतो.

खाटीक लांबचा नव्हता. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ बाजारगावात दुकान चालवायचा. त्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून बहिणीनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तो तिला ताई म्हणायचा, आणि त्याचं ऐकून सगळी आळीच तिला ताई म्हणायला लागली. दाजींचा टोणगा म्हटलं की धाकटा भाव करत बसायचा नाही. मात्र जनावर नीट बघून घ्यायचा. आजारी जनावराला सुरी लावायची नाही, हा त्याच्या बापाचा दंडक होता आणि बापामागं त्यानं तो पाळला. एकदा दाजींचाच एक लंगडणारा टोणगा त्यानं परत पाठवला, तेव्हा टोणगेवाला महिनाभर घुम्यासारखा वागला होता.

तळ्याच्या अंगाला ताईच्या सासऱ्याचा एक पडीक तुकडा होता. सासऱ्यानं हयातभर त्याला काटेरी कुंपण राखलं. त्याच्या तरुणपणी रोग येऊन गावाची गुरं पटापटा मेली होती, ती तिथं गाडली होती. तिथं गुरं घालू नका, एवढंच म्हातारा सांगायचा. म्हातारा गेला, कुंपण कुजलं, आणि गवत संपलेल्या त्या उन्हाळ्यात तो एकच तुकडा थोडा हिरवा दिसत होता. ताई म्हणाली, मामंजी नको म्हणायचे. टोणगेवाला म्हणाला, मेलेल्या गुरांना मरून जमाना झाला, ती काय आता उठून गवत अडवणार आहेत? त्यानं पाचही टोणगे आत सोडले. गवत आखूड होतं. जनावरं मुळासकट उपटून, मातीसकट खात होती. ताईनं ते पाहिलं आणि तिला बरंच वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी त्यांची पोटं भरली होती.

चारपाच दिवसांनी मोठा टोणगा सकाळी उठलाच नाही. ताई शेण काढायला गेली तर तो मान जमिनीला टेकून बसला होता. अंग थरथरत होतं, डोळे लालबुंद, श्वास भात्यासारखा चालला होता. तिनं कानाला हात लावला तर कान तापलेला. तिनं नवऱ्याला हाक मारली. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला, तो पार पलीकडच्या गावात होता, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. तोवर जनावराजवळ जाऊ नका, असंही म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत हा राहतोय होय," टोणगेवाला म्हणाला. "तुझ्या भावाला बोलव. जीव आहे तोवर सुरी लागली पाहिजे."

त्या भागात एक रीत होती. कुणाचं जनावर पाय मोडून पडलं, दरीत घसरलं, तर ते लगेच कापायचं आणि आळीतल्या घरांनी एकेक वाटा न्यायचा. वाट्याच्या बदल्यात कुणी पेंढ्या द्यायचं, कुणी दोन दिवस कामाला यायचं. मांस ज्याचं त्याच्या घरी जायचं आणि नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. रीत चांगली होती. फक्त पाय मोडलेलं जनावर आणि ताप भरलेलं जनावर एक नव्हे, हे त्या सकाळी कुणी बोललं नाही.

धाकटा मोटारसायकलवरून आला. सुऱ्या नेहमीसारख्या जाड कापडात गुंडाळलेल्या. त्यानं टोणग्याच्या हिरड्या पाहिल्या, कानामागं हात धरला आणि उठून उभा राहिला.

"ताई, हा पाय मोडलेला नाही. याला ताप आहे. मी नाही कापत."

 टोणगेवाला बायकोकडे बघत राहिला. हेच त्याला छान जमायचं. दारात तोवर शेजारचा गवंडी, त्याचा भाऊ, पलीकडच्या घरातल्या बायका, पातेली घेऊन जमले होते. टोणगा मोठा होता. सगळा उन्हाळा त्याच्या अंगावर चढवलेला होता. ताईला वाटलं, आता हा असाच मेला तर सगळंच मातीत जाईल, आणि वर्षभर घरात जे ऐकावं लागेल ते वेगळंच.

"माझ्यासाठी कर रे," ती म्हणाली. "एवढं एकदा."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी औषध पाजताना तोंड मिटून घ्यायचा आणि मग तिनं डोळे वटारले की उघडायचा, तसंच त्याचं तोंड झालं. त्यानं सुऱ्यांचं कापड सोडलं. गवंड्यानं आणि त्याच्या भावानं पाय बांधून टोणगा आडवा केला. धाकट्यानं पुटपुटत मानेवर हात फिरवला आणि एका हातानं काम संपवलं. हात हलका होता त्याचा, सगळे मानत.

मग त्याचे हात थांबले. रक्त काळपट आलं होतं, पातळ, आणि खड्ड्यात साचलं तरी धरेना. एरवी बोलता बोलता रक्ताचा थर धरतो. तो थोडा वेळ बघत बसला. गवंडी म्हणाला, अरे चल की, ऊन चढतंय. धाकट्यानं पोट उघडलं, आत हात घातला. पाणथरी, म्हणजे प्लीहा, दुप्पट फुगलेली, काळी, आणि बोट लावताच चिखलासारखी फुटणारी. तो दचकला, हात झटकन मागं घेताना फासळीचं टोक अंगठ्याखाली लागलं आणि कातडं फाटलं. जखम लहानच होती. खाटकाच्या हाताला अशा आठवड्याला दोन होतात.

तो उठला आणि म्हणाला, "हे मांस कुणी न्यायचं नाही."

आधी लोकांना वाटलं चेष्टा करतोय. मग गवंड्याच्या बायकोनं विचारलं, का म्हणून? त्यानं सांगितलं, रक्त गोठत नाही, आतलं सगळं सडलंय, मी उभ्या जन्मात असं पाहिलं नाही. खोल खड्डा घ्या आणि कातडं न काढता पुरा. टोणगेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, चांगलं लालभडक मांस दिसतंय. कुणीतरी मागून म्हणालं, खाटीक आहे, संध्याकाळी येऊन एकटाच नेईल दुकानात. दोघीतिघी हसल्या. आणि गवंड्याचा भाऊ खरंच वाकला, मांडीचा एक तुकडा कापायला.

धाकटा गोठ्यात गेला, कोपऱ्यातला फिनेलचा डबा आणला आणि अख्खा त्या मांसावर ओतला. अंगणभर वास सुटला. बायका पदर नाकाला लावून मागं सरल्या. वाट्यासाठी आणलेली पातेली रिकामी परत निघाली.

 टोणगेवाल्यानं चारचौघांत मेव्हण्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं ढकललं.

"कापायच्या आधी कळत नव्हतं? माझं जनावरही गेलं आणि आळीत तोंडही गेलं. परत या दारात पाय ठेवू नकोस."

 धाकट्यानं सुऱ्या कापडात गुंडाळल्या, अगदी पुसूनबिसून, आणि गाडीकडे गेला. ताई तिथंच खांबाला धरून उभी होती. भावाच्या बाजूनं एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. निघायला हवा होता. तो आतल्या आत फिरत राहिला आणि तोवर गाडी सुरू झाली.

ती तांब्या घेऊन मागच्या गल्लीनं धावली आणि वळणावर त्याला गाठलं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. तिनं पाणी ओतलं, त्यानं हात चोळले. अंगठ्याखालचं फाटलेलं कातडं दिसलं तशी तिनं पदराची किनार फाडून बांधली. तो हसला. म्हणाला, ताई, नवीन लुगडं होतं ना? मग हळूच म्हणाला, दाजींना सांग, डॉक्टर आला की बाकीची चार दाखवा, लपवू नका.

त्यावर तिनं जे म्हटलं ते नवऱ्यानं शिकवलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

"तू कुठं बोलू नकोस हं. बाजारात कळलं तर बाकीच्या चारांना कोण हात लावणार नाही. आमचं सगळं आता त्यांच्यावरच आहे."

"नाही बोलत."

"कुणापाशीच नाही."

"अगं, नाही म्हटलं ना," तो म्हणाला आणि गेला.

घरी आली तर नवरा फोनवर जनावरांच्या डॉक्टरला सांगत होता, येऊ नका, उठला तो, चारा खातोय. नंतर दोघांनी मिळून खड्डा खणला. ऊन डोक्यावर होतं आणि जमीन दगडासारखी. गवंडी एरवी पहार घेऊन आला असता, पण तो ओसरीवर बसून बघत राहिला. टोणगा ओढताना दोर ताईच्या तळहातात रुतला. नवऱ्याच्या पायाला गोळा आला, तो खाली बसला, आणि पाय चोळता चोळता रडायला लागला. तिनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिला त्याची दयाही आली आणि रागही आला, आणि दोन्ही तिनं फावड्यावर काढलं.

पुढचे दिवस चार टोणग्यांच्या मागं गेले. विहिरीचं पाणी ओढायचं, झाडाचा पाला तोडून आणायचा, खरारा करायचा. बाजार जवळ आला होता, जनावर चकचकीत दिसायला हवं. ताईनं भावाला फोन केला, त्यानं उचलला नाही. तिला वाटलं रुसलाय. रुसू दे, राग काढायला बहिणीशिवाय आहे कोण त्याला. बाजार झाला की स्वतः जाऊन समजूत काढायची, असं तिनं ठरवलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी भावजय आली. एकटीच, बसनं. पाणी दिलं तर ते हातातच धरून बसली. त्यांना मोठ्या दवाखान्यात ठेवलंय म्हणाली. आधी अंगठ्याखाली डास चावल्यासारखी पुळी आली, मग फोड, आणि आता मधोमध काळी खपली. दुखत काहीच नाही. म्हणून तर दुकानात बसून राहिले. आता हात खांद्यापर्यंत सुजलाय आणि ताप हटत नाही.

"डॉक्टर विचारतात, कुठलं जनावर हाताळलं होतं का," भावजय म्हणाली. "आजारी, मेलेलं, असं काही. हे सांगतात, दुकानाच्या फळीचा खिळा लागला. डॉक्टर फिरून फिरून तेच विचारतात, वन्सं."

 ताई पदराची फाटलेली किनार बोटाला गुंडाळत बसली. भावजय तिच्या तोंडाकडे बघत होती.

"फिरून फिरून तेच विचारतात," ती पुन्हा म्हणाली.

टोणगेवाला दारात उभा होता. त्यानं ताईला गोठ्याकडे बोलावलं आणि हलक्या आवाजात बोलला. वाईट माणूस नव्हता तो, घाबरलेला होता. दवाखान्यात आहे ना, म्हणाला, तिथले डॉक्टर शिकलेले आहेत, बघतील. उद्याचा बाजार होऊ दे. आज तोंड उघडलंस तर संध्याकाळी सरकारी माणसं येऊन चारही जनावरं अडकवून ठेवतील. विकता येणार नाहीत आणि खायला घालायला काही नाही. आपण काय माती खायची? उद्या टोणगे ट्रकमध्ये चढले की तशीच दवाखान्यात जा, काय सांगायचं ते सांग, मी अडवणार नाही.

एका दिवसानं काय होतंय. नवऱ्यानं असं म्हटलं नव्हतं, हे तिनंच स्वतःला म्हटलं.

परत येऊन ती भावजयीला म्हणाली, "तू हो पुढं. मी उद्या येते."

भावजय उठली. दारापर्यंत गेली आणि उभी राहिली, काही विसरल्यासारखी. मग चप्पल घालून गेली. वळणावर तिनं मागं वळून पाहिलं. ताईला वाटलं, बिचारी दमली आहे.

सकाळी ट्रक आला. ट्रकला लावलेल्या फळीवरून पहिला टोणगा चढला, दुसरा चढला. तिसरा फळीच्या मध्यावर थांबला. टोणगेवाल्यानं शेपटी पिरगाळली, ट्रकवाल्यानं वरून दोर ओढला. टोणगा पुढच्या पायांवर बसला आणि धाडकन कुशीवर कोसळला. पाय दोनदा झाडले आणि संपलं. नाकातून रक्त आलं, काळं, पातळ, आणि फळीवरून खाली ठिबकत राहिलं. ते गोठलं नाही.

ट्रकवाला खाली उतरला आणि लांब जाऊन उभा राहिला. टोणगेवाला तिथंच धुळीत बसला. ताई तशीच निघाली. पायात काही नव्हतं. बस मिळेपर्यंत ती रस्त्यानं चालत होती, आणि बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा तिला कळलं की आपण मोठ्यानं बोलत आहोत.

दवाखान्यात तिनं आधी भावाला पाहिलं नाही, डॉक्टरला गाठलं. सगळं सांगितलं. ताप, सुरी, रक्त, पाणथरी, तो पडीक तुकडा, आजचा टोणगा. डॉक्टर तरुण होता. ऐकता ऐकता त्यानं नर्सला हाक मारली, काळपुळी, अँथ्रॅक्स म्हणाला, बाटल्या बदलायला लावल्या. मग तो तिच्याकडे वळला आणि काहीतरी बोलणार होता. तिचे अनवाणी पाय पाहून ते त्यानं सोडून दिलं. हे औषध आधी सुरू व्हायला हवं होतं, आता विष रक्तात उतरलंय, एवढंच त्यानं सांगितलं.

धाकटा शुद्धीवर होता. मान सुजून हनुवटीला टेकली होती आणि हात उशीवर दुसऱ्याच कुणाचा ठेवल्यासारखा पडला होता. ताई दिसताच त्याचे डोळे हसले.

"बाजार झाला?"

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "सगळं सांगितलं."

"कशाला गं." त्याला श्वास पुरत नव्हता. "मी नव्हतं सांगितलं. कुणालाच नाही."

तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. तापलेल्या टोणग्याच्या कानासारखंच ते कपाळ लागलं. तिला हुंदका आवरेना. तू वेडा आहेस का रे, ती म्हणत राहिली, मी बाजाराचं म्हणाले होते, डॉक्टरचं नव्हते म्हणाले. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

गावात सरकारी माणसं आली. उरलेल्या जनावरांना टोचलं, गाडलेल्या गुरांचा रोग मातीत तसाच होता म्हणून त्या पडीक तुकड्याला तारेचं कुंपण घातलं, घराघरात गोळ्या वाटल्या. गवंड्याच्या भावाच्या दंडावर पुळी आली होती, ती गोळ्यांनी बसली. मांस कुणी खाल्लं नव्हतं, म्हणून आळी वाचली, असं जनावरांचा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला. तेव्हा गवंडी मान खाली घालून उभा होता. टोणगेवाला मेव्हण्याच्या मातीला गेला आणि परत येऊन कितीतरी दिवस कुणाशी बोलला नाही, बादलीवरूनसुद्धा नाही.

ताई भावाच्या घरी जायला धजत नव्हती. शेवटी एका सकाळी गेली. दुकानाची फळी अर्धी उघडी होती. आत भावजय गुडघ्यांवर बसून मांस तोडायचा ओंडका खरवडत होती. दुसऱ्या खाटकानं दुकान मागितलंय म्हणाली, स्वच्छ करून द्यायचंय. ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मीठ घेतलं, गरम पाणी ओतलं, दोघी मिळून खरवडायला लागल्या. 

मग ताई म्हणाली, "तो डॉक्टरला का बोलला नाही, ते तुला माहीत नाही. मीच त्याला नको म्हटलं होतं. माझ्यामुळं गेला तो."

भावजयीचा हात थांबला नाही.

"माहीत होतं," ती म्हणाली. "ताप चढला त्या रात्री त्यांनी सगळं सांगितलं मला. आणि आमच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, ताईला शब्द दिलाय, कुणाला सांगायचं नाही. मला बोलता येईना. म्हणून तर तुमच्याकडे आले."

ताईच्या हातातलं मीठ खाली सांडलं.

"मला वाटलं, ऐकलं की तुम्ही तशाच उठाल," भावजय म्हणाली. तिनं खरवडणी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. "स्टॉपवर दोन बस सोडल्या मी, वन्सं. मागून याल म्हणून."